मालिशीला माणसं दोन

११ जानेवारी

ताई,

परवा फोन आला होता तो माझाच. मी म्हटलं, "बरा आहे," आणि तू तिकडून, "बहिरा कोण? मी नाही!" म्हणून फोन आपटलास. तेव्हा आता पुन्हा कागद-पेन. एका परीनं हे बरंच. फोनवर तू बोलतेस नि मी ऐकतो, पत्रात निदान दोन पानं तरी माझी.

इकडे सगळं ठीक. जावई बोटीवर आहे, चार महिने तरी येत नाही. लेक सकाळी नऊला चष्म्याच्या दुकानात जाते ती सातला परत येते. दिवसभर दुसऱ्यांची भिंगं घासते आणि घरी आल्यावर स्वतःचा चष्मा शोधते. ठकी सव्वादोन वर्षांची झाली. दिवसभर ती आणि मी. मी जुन्या पुस्तकांना पुठ्ठे बांधतो, ती ते सोडवते. आमचा धंदा असा बरोबरीत चाललाय.

पत्राचं कारण वेगळंच आहे. आमच्या शेजारी एक मुलगी आहे, ठकीएवढीच. मंगळवारी सकाळी तिच्या अंगावर गरम चहा सांडला. टेबलावरचं कापड ओढलं तिनं, त्याबरोबर चहाचा अख्खा मग आला. डावा हात पोळला, कोपराच्या वरपासून मनगटापर्यंत, आणि थोडं छातीवर. जवळ तिचे आजोबा होते. त्यांनी ताबडतोब टूथपेस्टचा जाड थर लावला. मग दवाखान्यात नेलं, तिथं पट्टी बांधली, रोज बदलायला बोलावतात. तू भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात जन्म काढलास हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून विचारत होते. फोड आलेत ते फोडायचे का? डाग राहील का? हात वाकडा तर होणार नाही ना? आणि त्या आजोबांनी जे केलं ते योग्य का? गृहस्थ जरा काळजीत आहेत.

सवडीनं लिही. सवडीनं म्हणजे लगेच.

तुझा,
बाळ्या


१६ जानेवारी

बाळ्या,

त्या शेजारच्या आजोबांना माझ्याकडून सांग, टूथपेस्ट दातांना लावतात.

रागावू नको, पण पस्तीस वर्षं हेच बघत आले. कुणी टूथपेस्ट लावून आणतं, कुणी लोणी, कुणी तेल, कुणी शाई, कुणी पीठ. एकदा एकानं बुटाचं पॉलिश लावलं होतं. विचारलं तर म्हणतात, गार वाटतं. अरे, गार वाटणं वेगळं आणि गार होणं वेगळं! वरचा चहा ओघळून गेला तरी आग कातडीत कोंडलेली असते, आतलं शिजणं चालूच असतं. त्यावर काहीही थापलं की ती आणखी कोंडते.

करायचं असतं ते इतकं साधं, की कुणाला पटतच नाही. नळ. वाहतं गार पाणी, पूर्ण वीस मिनिटं, घड्याळात बघून. तिसऱ्या मिनिटाला पोर किंचाळतं, आई रडते, शेजारी "पुरे हो पुरे" म्हणतात आणि सगळ्यांचा धीर सुटतो. सोडायचं नाही. त्याआधी अंगावरचे भिजलेले कपडे उतरवायचे. लोकरीचं असेल तर ते पहिल्यांदा, कारण लोकर चहा धरून बसते. लंगोट, बांगडी, कडं, सगळं काढायचं, मागाहून हात सुजला की निघत नाही. फक्त कातडीला चिकटलं असेल ते ओढायचं नाही. आणि पाणी भाजलेल्या जागेवरच, बाकीचं अंग पांघरुणात, नाहीतर एवढंसं पोर गारठून जातं. बर्फ तर अजिबात नाही. मग डबे झाकायचं ते पातळ पारदर्शक प्लास्टिक असतं ना, त्याचा तुकडा वर नुसता ठेवायचा, गुंडाळायचा नाही. प्लास्टिक नसेल तर स्वच्छ सुती कापड. आणि दवाखाना. लहान पोराला फोड आला की दाखवायचंच, मग तो केवढा का असेना. पाणी लगेच घालायचं राहिलं असेल तरी तीन तासांच्या आत घातलं तर उपयोग होतो, हेही लोकांना माहीत नसतं.

फोड घरी कुणी फोडायचे नाहीत. डागाचं आत्ता काही सांगता येत नाही. तीन आठवड्यांच्या आत भरून आलं तर बहुतेक फिका पडेल.

आणखी एक. ती पेस्ट दवाखान्यातल्या बाईला पुसून काढावी लागली असणार, खालचं दिसल्याशिवाय ती करणार काय? ते पुसणं त्या पोरीनं सोसलं. हे त्या गृहस्थांच्या कानावर घाल. आणि असल्या म्हाताऱ्याच्या भरवशावर पोर टाकणाऱ्या तिच्या आईलाही दोन शब्द सुनाव.

ठकीला पापा. तिला स्वयंपाकघरापासून लांब ठेव.

ताई


३ फेब्रुवारी

बाळ्या,

अठरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. कागद संपले की शाई? त्या शेजारच्या मुलीचं काय झालं? भरत आलं असेल आता.

माझं कानातलं नवं यंत्र आलंय. आता शेजारच्या बाई जिना उतरताना काय पुटपुटतात ते ऐकू येतं. आधी ऐकू येत नव्हतं तेच बरं होतं.

लिही.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

शेजारी कुणी मुलगी नाही. शेजारी एक सुतार राहतो, एकटाच. ती मुलगी ठकी, आणि तो म्हातारा मी.

आधी खरं लिहायला घेतलं होतं. "आपल्या ठकीला" एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना, म्हणून शेजारी ढकललं. वाटलं, तू शेजाऱ्याला जे सांगशील ते मला आपोआप कळेल. कळलं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. रागावलो नाही, तू लिहिलंस ते खरंच आहे.

आता सगळं सांगतो. मंगळवारी सकाळी मी टेबलापाशी बसून एका मुलाची वही शिवत होतो. ठकी खाली पुठ्ठ्याचे तुकडे रचत होती. लेक कामावर जायच्या घाईत होती. तिनं माझा चहा आणून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि आत केस विंचरायला गेली. मी सुईत दोरा ओवत होतो, मान खाली. कापड सरकल्याचा आवाज आला आणि मग ठकीचा. ताई, असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. आमच्या बाइंडिंगखान्यात पुठ्ठे चिकटवायचा उकळता सरस हातावर उडायचा, तेव्हा आम्ही टूथपेस्ट लावायचो. मालकच लावायचा. माझे पाय आपोआप टूथपेस्टकडे गेले. तिच्या अंगात लोकरीचं स्वेटर होतं. ते काढायचं मला सुचलं नाही. बाही वर सारली आणि पेस्ट चोळली. लेक धावत आली, म्हणाली, "बाबा, काय केलंत हे!" आणि पोरीला उचलून नळाखाली धरलं. पाचएक मिनिटं धरलं असेल, मग आम्ही तसेच निघालो.

दवाखान्यात मला बाहेर बसवलं. ती पेस्ट पुसत होते ते मी दाराबाहेरून ऐकलं. तू लिहायच्या आधीच ते माझ्या कानावर पडलं होतं.

आता हात भरलाय. बाविसाव्या दिवशी पट्टी सुटली. कातडी गुलाबी आहे, कोपराशी जराशी ताठ.

पण मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. चहा ठेवताना लेक मला सांगून गेली होती, "बाबा, चहा ठेवलाय, ठकीकडे बघा." डॉक्टरांनी मागाहून बाहेर येऊन विचारलं तेव्हा तिनं तसं सांगितलं, मी शेजारीच होतो. आणि मला ते आठवत नाही. मी किती आठवून पाहिलं. चहा ठेवलेला दिसला, तिची पाठ दिसली, शब्द मात्र आठवत नाही. म्हणजे माझ्या कानांनी ऐकलं आणि डोक्यानं टाकून दिलं. मी दुसऱ्या एका डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यानं वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाला. मी दोनपर्यंत पोचलो तेव्हा तोच म्हणाला, पुरे. डोकं उत्तम आहे म्हणे. पण ज्याला आकडे आठवतात आणि नातीकडे बघायचं आठवत नाही, ते डोकं काय कामाचं?

तिला माझ्याकडे ठेवू नको म्हटलं, तर लेकीनं लगेच ठकीला पाळणाघरात घातलं. बोलली काही नाही, पण मी समजलो. जुन्या मित्राच्या कारखान्यामागे एक खोली रिकामी आहे, ती बघून आलोय. पाण्याची सोय आहे, उजेड चांगला आहे. महिनाअखेर जावं म्हणतो. तिला सांगितलेलं नाही.

बाळ्या


१४ फेब्रुवारी

बाळ्या,

माझं जानेवारीचं पत्र फाडून टाक. मजकूर बरोबर होता, पण ज्या माणसाला गेला त्याला तसा जायला नको होता. वॉर्डात आम्ही आईबापांशी कधी असं बोललो नाही. शेजारी म्हणालास म्हणून माझी जीभ सुटली. आणि मला कळायला हवं होतं, सख्खा भाऊ आहेस. शेजारच्या पोरीच्या कोपराचं एवढं बारीक वर्णन कोण करतं?

एक सांगते, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी बावीस वर्षांची होते, वॉर्डात येऊन महिना झाला होता. तीन वर्षांचा एक मुलगा आला, दोन्ही पाय पोळलेले. मला वाटलं, जेवढं गार तेवढं बरं. बादलीत बर्फ ओतला आणि त्याला मांड्यांपर्यंत त्यात उभं केलं. तो रडायचा थांबला तेव्हा मला वाटलं, बघा, आराम पडला. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. त्याचे ओठ निळे पडले होते. त्यांनी त्याला ओढून काढलं, चादरीत गुंडाळलं आणि छातीशी धरून बसल्या, तासभर. पोर वाचलं. मी चादरींच्या खोलीत जाऊन राजीनामा लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवीन मुलगी आली, हात पोळलेला. राजीनामा माझ्या खिशात होता. तिथं आम्ही पाचजणी उभ्या होतो, बाकी चौघी माझ्याहून जुन्या. मोठ्या सिस्टरनी पाचजणींकडे पाहिलं आणि पोर माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "नळ तिकडे आहे." बस. वीस मिनिटं त्या तिथून हलल्या नाहीत, पण हातही लावला नाही.

तर खोलीबिलीचं आत्ता काही करू नको. डॉक्टरानं डोकं उत्तम आहे म्हटलंय, तर त्याचं ऐक. तू लहानपणी कुठं काय ठेवलंस ते विसरायचास, पण कुणी काय म्हटलं ते कधी विसरला नाहीस. साठ वर्षांपूर्वीचे माझे अपशब्द अजून तारखेवार सांगतोस. म्हणून मला हे कोडं वाटतं.

लेकीशी बोल. ती कमी बोलते याचा अर्थ तू समजतोस तोच असेल असं नाही.

ताई


२० फेब्रुवारी

आत्या,

बाबांना न सांगता लिहितेय. दुकानात मधल्या सुट्टीत बसलेय, मालक जेवायला गेलेत. तुझं चौदा तारखेचं पत्र बाबा वाचत बसले होते, वाचून झाल्यावर मला न दाखवता त्यांनी ते पुठ्ठ्यांखाली सरकवलं. तू काय लिहिलंस ते मला माहीत नाही, पण त्यांनी तुला सगळं सांगितलंय एवढं कळलं.

आत्या, त्यांनी तुला जे सांगितलंय ते खरं नाही. म्हणजे त्यांच्या मते खरंच आहे. खोटं मी बोललेय.

मी त्यांना काहीही सांगून गेले नव्हते. चहा ठेवला आणि गेले. माझ्या डोक्यात बस होती. डॉक्टरांनी विचारलं, "लक्ष कुणाचं होतं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बाबांना सांगून गेले होते." मी ठरवून बोलले नाही. वाक्य आपोआप आलं आणि आल्यावर परत घेता येईना. मला वाटलं, बाबा म्हणतील, कधी सांगितलंस? ते काही म्हणालेच नाहीत. नुसती होकाराची मान हलवली.

तेव्हापासून ते सगळ्यांना तेच सांगतात. शेजारच्या सुतारांना, दूधवाल्याला, फोनवर माझ्या नवऱ्याला. "तिनं सांगितलं होतं, मीच विसरलो." दर वेळी मी तिथं असते आणि दर वेळी काहीतरी आवरायला आत निघून जाते. आता ते कागदाच्या पट्ट्या कापून त्यांवर लिहितात, "गॅस बंद केला", "दार लावलं", आणि भिंतीला चिकटवतात. ठकीला उचलत नाहीत. ती त्यांच्याकडे धावत गेली की हात मागे बांधून उभे राहतात. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "तिला माझ्याकडे ठेवू नको." म्हणून मी पाळणाघर शोधलं. काल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कुठल्यातरी खोलीची किल्ली सापडली.

मी त्या दिवशी त्यांच्यावर ओरडले, "काय केलंत हे!" म्हणून. ते माझ्यावर रागावून चाललेत, आणि त्यांचा राग योग्यच आहे. मी काय करू? तू सांगशील का त्यांना? तुझ्याकडून ऐकलं तर त्यांना कमी लागेल.

तुझी भाची


२४ फेब्रुवारी

बाळ,

नाही, मी सांगणार नाही. ते तुझं काम.

तुझा बाप तुझ्यावर रागावलेला नाही. तो घर सोडून चाललाय कारण त्याला वाटतं, आपलं डोकं गेलं आणि आपण ठकीच्या जवळ असणं धोक्याचं. तुझ्या शब्दावर त्यानं स्वतःच्या कानांपेक्षा जास्त विश्वास ठेवला. एवढंच तुला कळावं म्हणून सांगते, बोचावं म्हणून नाही.

घाबरलेलं माणूस हाताला येईल ते जखमेवर थापतं. त्यानं टूथपेस्ट थापली, तू ते वाक्य थापलंस. पुसताना दुखेल. पण लवकर पूस.

वॉर्डात मी हजारो आया पाहिल्या. चहा कुठं ठेवला हे विचारलं की प्रत्येकीचा चेहरा एकच होतो. चहा सगळेच ठेवतात ग, सगळ्याच घरांत, रोज. तुझ्या घरात त्या दिवशी कापडाचं टोक पोरीच्या हाताला लागलं. ते कापड काढून टाक. चहा आता ओट्यावर, भिंतीच्या बाजूला, आणि प्यायचा असेल तर पोर मांडीवर नको. याहून जास्त शिक्षा स्वतःला करून घेऊ नको.

बापाला वेगळं पत्र टाकते आहे. त्यात लिहिलंय तसं दोघांनी करायचं. माझ्या शब्दाबाहेर जायचं नाही.

आत्या


२४ फेब्रुवारी

बाळ्या,

आता हाताचं. कातडी पुरती बंद झाली आहे ना, कुठं ओल नाही ना? मग मालिश सुरू करायची. नाहीतर कोपर आखडेल आणि वाढत्या वयात हात पुरता सरळ होणार नाही. हे काम टाळायचं नाही.

साधं, बिनवासाचं मलम घ्यायचं, औषधवाल्याला सांग भाजल्याच्या डागासाठी. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दहा-दहा मिनिटं. अंगठ्याच्या पेरानं हळूहळू गोल फिरवायचं, खालची कातडी जरा पांढुरकी होईल एवढाच दाब. पोरगी कळवळली तर दाब कमी करायचा. उन्हात नेताना हात झाकलेला हवा, वर्षभर तरी.

आणि नीट वाच: याला माणसं दोन लागतात. एकानं हात कोपरातून सरळ धरायचा, दुसऱ्यानं मालिश करायची. एकट्यानं केलं तर सांधा चुकीचा ताणला जातो. दोघंही घरचीच हवीत, पाळणाघरातली बाई चालणार नाही, पोर परक्या हातात अंग आवळून घेतं. तुझ्या घरात मोठी माणसं दोनच आहेत, तेव्हा तू कुठल्या खोलीत राहायला जायचं म्हणत असशील तर सहा महिने तरी थांब. हा माझा सल्ला नाही, नर्स म्हणून हुकूम आहे.

ताई


२ एप्रिल

ताई,

पत्राला उशीर झाला. हात मोकळेच नव्हते.

तुझा हुकूम आला तेव्हा मी ट्रंक भरून ठेवली होती. लेकीनं पत्र वाचलं, ट्रंक पाहिली आणि म्हणाली, "सहा महिने." मी म्हटलं, "बघू." त्याच संध्याकाळी बसलो. मी म्हटलं, मी हात धरतो, मालिश तू कर. माझ्या बोटांवर माझाच भरवसा नव्हता. ठकी मध्ये. पहिल्या दिवशी तिनं घर डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवशी आम्ही मलमाची नळी काढली की स्वतःच बाही वर सारू लागली, आणि आमचं आटोपलं की तीच बोटं बाहुलीवर फिरवायची. दहा मिनिटं, ताई, दोन माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा, आणि बोलायला काही नाही. भिंतीवरचं घड्याळ इतक्या मोठ्यानं वाजतं हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

तेराव्या दिवशी, सकाळची वेळ. लेकीचा अंगठा चालता चालता थांबला. मला वाटलं, पोरीला दुखलं. ती मान खाली घालूनच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतं?"

"चहाचं. ठकीकडे बघा म्हणाले नव्हते. मी काहीच म्हणाले नव्हते. डॉक्टरांसमोर खोटं बोलले."

मी हात धरूनच होतो. सोडता येत नव्हता, अजून चार मिनिटं बाकी होती. मी म्हटलं, "मालिश पुरी कर." तिनं केली. मग मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो.

तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला नाही. आधी राग आला. दोन महिने मी भिंतीला चिठ्ठ्या चिकटवत होतो. डॉक्टरापुढं सातचा पाढा उलटा म्हटला. नात दोन्ही हात पसरून यायची तेव्हा मी पाठीमागे मुठी आवळून उभा राहायचो. आणि हे सगळं एका वाक्यापायी. मी चालत चालत पार नदीवरच्या पुलापर्यंत गेलो, मित्राच्या कारखान्यावरून गेलो, खोलीची किल्ली खिशातच होती. ठरवलं, आज रात्री ट्रंक नेतो. डोकं जाग्यावर आहे ना, मग एकट्यानं राहायला काय हरकत आहे.

पुलावर दिवस कलेपर्यंत उभा होतो. मग आठवलं की संध्याकाळची मालिश साडेसातला असते.

पोचायला पावणेआठ झाले. लेक मलम घेऊन बसलेली होती. डोळे सुजलेले. ठकी बाही वर सारून तयार. मी हात धुतले आणि बसलो. मी कोपर धरलं, तिनं अंगठा टेकवला. दोन-तीन मिनिटं गेली असतील. माझा राग कुठं गेला नव्हता, ताई, होता तिथंच होता, पण त्याला घेऊनसुद्धा पोरीचा हात धरता येतो असं दिसलं. मग मी म्हटलं,

"टूथपेस्ट मात्र माझीच होती."

लेकीनं वर पाहिलं. आधी तिला कळेना हसावं की रडावं. मग दोन्ही केलं. ठकी आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती, आणि दहा मिनिटं झाली तरी बाही खाली करायला तयार नव्हती.

बोलणं त्यानंतर झालं, ते दोन-तीन दिवस चाललं. सगळं गोड नव्हतं. मी तिला म्हटलं, "मला वेडा ठरवलंस." ती म्हणाली, "तुम्ही विचारायचं होतं ना, एकदा तरी, कधी सांगितलंस म्हणून!" मी म्हटलं, "तुझ्यावर अविश्वास कसा दाखवू?" तिनं जावयाला फोन करून खरं सांगितलं, माझ्यासमोर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही सांगून आली. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि पुढचा पेशंट बोलावला. भिंतीवरच्या चिठ्ठ्या मी एका रविवारी सोडवल्या. एक ठेवली आहे, गॅसची. ती कामाची आहे. नळाशेजारी एक नवी लावली, तुझ्या पत्रातली, "वीस मिनिटं". सुतार येऊन वाचून गेला.

किल्ली मित्राला परत दिली. ट्रंकेत आता पुठ्ठे ठेवतो.

आता तुझ्या दोन माणसांविषयी. काल ठकीला तपासणीला नेलं होतं. तिथं हातापायांचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी हात वाकवून-सरळ करून पाहिला, पुरता सरळ होतो, खूश झाल्या. विचारलं, मालिश कोण करतं? लेक म्हणाली, "आम्ही दोघं. एकट्यानं केली तर सांधा चुकीचा ताणला जातो ना?" बाई म्हणाल्या, "छे! असं कुणी सांगितलं? मांडीवर घेतलं की एकाला सहज जमतं."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. बाईंना म्हटलं, "घरातल्या एका जुन्या नर्सनं सांगितलंय." बाई म्हणाल्या, "जुन्या पद्धती असतात काही."

बसमध्ये लेक म्हणाली, "आत्याला कळवायचं का?" मी म्हटलं, "नको, तिला वाटेल आपलं नर्सपण गेलं." आणि आता बघ, कळवतोच आहे.

आजपासून पाळणाघर बंद. सकाळी लेक निघाली, ठकीला माझ्याकडे दिलं, आणि दारातून मागे वळून न बघता जिना उतरली. बस गाठायची होती तिला. मी ठकीला मांडीवर घेतलं, कोपर माझ्या गुडघ्यावर सरळ ठेवलं आणि मालिश केली, पूर्ण दहा मिनिटं, घड्याळात बघून. एकट्याला जमते, ताई.

संध्याकाळची मात्र आम्ही दोघंच करतो.

बाळ्या